ना स्लो-मो, ना व्हीएफएक्स, तरी दादासाहेब फाळकेंनी पडद्यावर हनुमान उडवला आणि यमुनेतून कृष्ण वर काढला

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एखाद्या फ्लॅटची गॅलरी डोळ्यासमोर आणा. प्लॅस्टिकच्या टबात पाणी भरलंय. त्यावर हातभर लांबीचं फ्लाइंग बोटीचं मॉडेल दोऱ्याने ओढत उतरवायचं चाललंय. फ्लाइंग बोट म्हणजे ज्याचं पोटच होडीसारखं असतं ते विमान. धावपट्टी नको, सरळ तलावावर उतरतं आणि तलावावरूनच उडतं. मॉडेलला रंग झकास दिलाय, खिडक्या कोरल्यात, पंखे फिरतायत. मोबाइलवर शूट करून रील टाकायची आहे.

आणि शूट बघितलं की सगळा विचका. विमान हुबेहूब, पण दिसतंय काय, तर टबात पडलेलं खेळणं.

चुगली करतं ते पाणी. विमान ६४ पट लहान करता येतं, पाणी करता येत नाही. पाण्याचा थेंब किती मोठा असायचा हे पृष्ठताण ठरवतो, आणि त्याला तुमच्या मॉडेलशी काही देणंघेणं नसतं. ३ मिलिमीटरचा थेंब ६४ पट लहान केलेल्या विमानाशेजारी उडाला, की बघणाऱ्याला तो १९ सेंटीमीटरचा वाटतो. सोललेल्या नारळापेक्षा मोठा! असा थेंब कुणी अंबाझरी तलावावर पाहिलाय का? नाही. म्हणून मेंदू लगेच सांगतो, हे खोटं आहे.

दुसरी भानगड वेळेची. उंचावरून पडणारं पाणी खाली यायला ठरावीक वेळ घेतं. १६ मीटरवरून पडायला साधारण पावणेदोन सेकंद लागतात. १ मीटरवरून पडायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. उंची १६ पट कमी झाली, पण वेळ फक्त ४ पट. म्हणून छोट्या मॉडेलच्या लाटा नेहमी घाईत असल्यासारख्या दिसतात. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्कीला लांबलचक हौद बांधून जहाजांची मॉडेल्स ओढली आणि हे गणित जहाजांच्या कामाला लावलं. पुढे फ्लाइंग बोटींचे तळही अशाच हौदांत तपासले जाऊ लागले.

यावर उपाय म्हणजे शूट वेगात करायचं आणि दाखवायचं सावकाश. मॉडेल १६ पट लहान असेल तर ४ पट वेगाने, ६४ पट लहान असेल तर ८ पट वेगाने. मोबाइलमधलं २४० फ्रेम्सचं स्लो-मो ३० च्या वेगाने चालवलं की बरोबर ८ पट होतं. म्हणजे रामदासपेठेतल्या गॅलरीतल्या हातभर विमानासाठी लागणारं यंत्र आज खिशातच असतं. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले की पृष्ठताण उतरतो आणि पाण्याचे थेंबही बारीक होतात. झालं काम.

आता हेच काम १९१७ साली, हाताने दांडा फिरवायचा लाकडी कॅमेरा घेऊन, नाशिकमध्ये करायचं असेल तर?

त्या भानगडीत पडलेल्या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, फोटोला हार घालतो, त्यांच्या नावाचा पुरस्कार कुणाला मिळाला याची बातमी वाचतो आणि विसरून जातो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पलीकडे फाळके काय करायचे, असं विचारलं तर दहापैकी नऊ जण गप्प. खरं तर हा माणूस आधी कारागीर होता. खोटी वस्तू खरी कशी वाटेल, लहान गोष्ट मोठी कशी दिसेल, याचा नाद त्यांना सिनेमा पाहण्याच्या कितीतरी आधीपासून लागलेला होता.

जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे जिथे ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते त्या गावचा. शंकराच्या जटेतून ही गंगा खाली आली, ही गोष्ट त्या गावात लहान पोरालाही पाठ असते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. मग बडोद्याला कलाभवनात गेले. तिथे जे शिकले ते आजच्या भाषेत सांगायचं तर एका वेळी पाच डिप्लोमे. चित्रकला, वास्तुकला, फोटोग्राफी, छपाईचे ठसे करणं आणि मॉडेलिंग. मॉडेलिंग म्हणजे रॅम्पवरचं नव्हे, प्रतिकृती बनवणं. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची छोटी प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळवलं. सिनेमा अजून जगात यायचा होता. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला खेळ १८९५ चा. त्याच्या तीन वर्षं आधी हा २२ वर्षांचा मुलगा लहान आकारात अख्खं थिएटर उभं करून मोकळा झाला होता.

पुढची काही वर्षं म्हणजे नुसती फरफट. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. कॅमेऱ्यासमोर यायला माणसं तयार होईनात. मग प्लेग आला आणि त्यात बायको आणि मूल दोन्ही गेले. तिशीच्या आसपास सगळं संपल्यासारखी वेळ. या काळात ते जादूचे प्रयोग करू लागले. रंगमंचावरचं नाव प्रोफेसर केल्फा, म्हणजे फाळके या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की जे होतं ते. बघणाऱ्याची नजर कुठे न्यायची आणि हात कुठे चालवायचा, हे शिक्षण त्यांना इथे मिळालं.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. सरस्वतीबाई वयाने बऱ्याच लहान होत्या. या बाईंचं नाव पुढच्या गोष्टीत सारखं येणार आहे आणि यायलाच हवं. नंतर पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे-आराखडे काढणारा म्हणून नोकरी, ती सोडून लोणावळ्याला आणि मग दादरला छापखाना. रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनी. भागीदारांशी बिनसलं, छापखाना सुटला. चाळिशीचा माणूस, पदरी मुलं आणि हातात काहीच नाही.

अशा अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास गिरगावात तंबूवजा थिएटरमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर येशूचे चमत्कार चालले होते आणि फाळक्यांना तिथे राम-कृष्ण दिसत होते. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले आणि मशीन कसं चालतं ते त्यांना दाखवलं. (त्याच गिरगावच्या चौपाटीवर डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत सी-प्लेनची चाचणी झाली. पाण्यावर उतरणारं विमान बघायला तेव्हाही लोक असेच लोटले होते.)

त्यानंतर फाळकेंनी स्वतःला कोंडून घेतलं. छोटा कॅमेरा, फिल्मच्या पट्ट्या, मेणबत्ती, भिंग, असं काहीबाही घेऊन रात्र-रात्र प्रयोग. रोज सिनेमे बघणं चालूच. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि बरं वाटताच पुन्हा तेच सुरू. विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम बघितलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परत.

घरी आल्यावर पैसेवाल्यांना पटवायचं होतं. त्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून ठेवला. थोडं थोडं चित्रण करत रोप कसं उगवतं त्याची फिल्म केली. पडद्यावर अंकुर भराभर फुटतो, वर येतो, वेल होतो. आज प्रत्येक फोनमध्ये टाइमलॅप्स आहे, पण ही फिल्म १९१२ ची आहे. कर्ज मिळालं! काळ आखडता येतो आणि ताणताही येतो, हे फाळक्यांना तेव्हाच उमगलं होतं. पाण्याच्या गणितातली अर्धी किल्ली हीच.

‘राजा हरिश्चंद्र’ची कहाणी तुम्हाला माहीत असेल. बाईचं काम करायला बाई मिळेना, म्हणून एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दादरच्या घरी सगळ्या कंपनीचं जेवण सरस्वतीबाई रांधायच्या. साठ-सत्तर माणसं. ते उरकलं की उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, कलाकारांच्या तोंडावर उजेड पाडायला. रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये सिनेमा लागला आणि चालला. पितामह हे बिरुद एकाच माणसाला दिलं गेलं, पण काम दोघांचं होतं.

तिथून पुढे मुक्काम नाशिक. युद्धामुळे कच्ची फिल्म मिळेना, पैसा अडकला. त्याआधी १९१४ मध्ये ते आपले सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला जाऊन आले होते. तिथल्या लोकांना कौतुक वाटलं ते तांत्रिक सफाईचं. तिकडेच काम करण्याची संधी आली होती, ती न घेता ते परतले. हात रिकामे बसत नव्हते म्हणून आगकाड्या एकेक सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली. भारतातल्या अॅनिमेशनची सुरुवात शोधायला गेलं की याच काड्यांपाशी येऊन थांबावं लागतं.

आणि मग १९१७ ला ‘लंकादहन’.

कथेत समुद्र आहे आणि त्याच्यावरून उडणारा हनुमान आहे. म्हणजे रामदासपेठेतल्या गॅलरीतलाच प्रश्न. उडणारी वस्तू, खाली पाणी आणि दोन्ही एकाच चित्रात खरं वाटायला हवं. वर लंका जळायलाही हवी. फाळकेंच्या हातात होतं काय? त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा दांडा एकदा फिरवला की ८ फ्रेम पुढे जायच्या. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ फ्रेम, हा नेहमीचा वेग. आता १६ पट लहान मॉडेलसाठी ४ पट वेग हवा, म्हणजे सेकंदाला ८ फेरे. करून बघा. रिकाम्या हवेत हात फिरवून बघा, दहा सेकंदांत खांदा निघेल. चांगल्या हाताने फार तर दुप्पट वेग गाठता येतो. गणित मांडलं तर दुपटीच्या वेगाला मॉडेल फक्त ४ पट लहान चालतं. टबातलं हातभर खेळणं चालत नाही, खोलीएवढी वस्तू बांधावी लागते. आणि फिल्म परदेशातून विकत आणलेली. दुप्पट वेग म्हणजे दुप्पट फिल्म जळाली.

म्हणून त्या पिढीचे जादूगार-दिग्दर्शक पाण्याशी थेट कुस्ती खेळायचे नाहीत, कावा करायचे. खऱ्या नदीचं, खऱ्या समुद्राचं चित्रण घ्यायचं आणि माणूस दुसऱ्या वेळी त्याच फिल्मवर छापायचा. फिल्म मागे गुंडाळायची, पहिल्या वेळी जिथे काळं सोडलं होतं तिथे आता काळ्या पडद्यासमोर उभा असलेला नट टिपायचा. मोजणी एका फ्रेमने चुकली तरी पहिलं काम वाया. मॉनिटर नाही, परत बघायची सोय नाही, फिल्म धुतली की कळणार. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलियेस हेच करत होता आणि तोही मुळात जादूगारच होता.

‘लंकादहन’मध्ये हनुमान आकाशात वर वर जातो आणि लहान लहान होत दिसेनासा होतो. गणपत शिंदे हनुमान झाले होते. अण्णा साळुंकेंनी तर कमाल केली, राम तेच आणि सीताही तेच. मुंबईत सिनेमा तुफान चालला. राम पडद्यावर आला की लोक पायातले जोडे काढायचे, असं सांगतात. मद्रासकडे तिकिटांचा गल्ला बैलगाडीत भरून पोलीस बंदोबस्तात न्यावा लागला, अशीही आख्यायिका आहे.

या यशाने भांडवलदार दारी आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली आणि लगेच ‘श्रीकृष्णजन्म’. त्याचे जे तुकडे उरलेत त्यात नदीच्या पाण्यातून नागाच्या फण्यावर उभा असलेला कृष्ण वर येतो आणि काठावरची माणसं हात जोडतात. पाणी खरं, काठ खरा, त्यामुळे नागही खरा वाटतो. कंसाला कृष्णाच्या भीतीने आपलंच मुंडकं धडावेगळं होऊन वर जाताना दिसतं, तेही याच सिनेमात.

पुढच्या वर्षी ‘कालियामर्दन’. हा सिनेमा आजही बराचसा शाबूत आहे आणि फाळके कसे विचार करायचे ते त्यात लख्ख दिसतं. कृष्णाच्या भूमिकेत त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, वय जेमतेम सहा-सात. सिनेमा सुरू होतो तो गोष्टीने नाही. आधी मंदाकिनी साध्या वेषात कॅमेऱ्यासमोर बसते आणि हसणं, रागावणं असे एकेक भाव करून दाखवते. मग तीच चित्रातल्या चित्रात विरघळून मुकुट घातलेला कृष्ण होते. म्हणजे जादूगार खेळाआधी बाही वर करून दाखवतो ना, तसं. ही माझी पोरगी आहे, बघून घ्या. आता ती यमुनेत उडी मारणार आहे आणि तरी तुम्ही देवाला हात जोडणार आहात. असा आत्मविश्वास आज शंभर कोटींचा व्हीएफएक्स करणाऱ्यांकडेही क्वचित दिसतो. लोकांनी खरंच हात जोडले.

याआधी १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी छोटी फिल्मही केली होती. मेकिंगचा व्हिडिओ हो! त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना दिसतात.

पण कंपनीत भागीदारांना हिशेब हवा होता. एका दृश्यासाठी एवढे दिवस का, एवढी फिल्म का? त्यांच्या बाजूने बघितलं तर प्रश्न चुकीचा नव्हता. आणि जो माणूस एका फ्रेमच्या चुकीसाठी सगळं पुन्हा करतो, त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. ते चाललं नाही. १९२२ मध्ये परत त्याच कंपनीत आले, एकामागून एक सिनेमे करत राहिले, पण ‘कालियामर्दन’वेळची हवा परत आली नाही. जग पुढे गेलं होतं. बाबूराव पेंटर, व्ही. शांताराम ही नावं मोठी होत होती.

तरी पाणी त्यांना सोडत नव्हतं. कंपनीतून पुन्हा बाहेर पडून त्यांनी काढला तो ‘सेतुबंधन’. समुद्रावर दगडांचा पूल! साठी ओलांडलेल्या माणसाने निवडलेला विषय बघा. पैसे मध्येच संपले, काम अडलं, बराच काळ गेला. आणि सर्वांत वाईट म्हणजे मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला होता. लोकांना आता पडद्यावर बोलणारी माणसं हवी होती. फाळकेंचा सिनेमा मुका. शेवटी त्यावर मागाहून आवाज चढवून तो १९३४ मध्ये लावला गेला. त्या ताणातून तो काही सावरला नाही.

आता त्र्यंबकेश्वर आठवा.

कोल्हापूरहून बोलावणं आलं आणि वयाच्या पासष्टीनंतर फाळकेंनी त्यांचा पहिला आणि शेवटचा बोलपट केला. विषय ‘गंगावतरण’. स्वर्गातून कोसळणारी अख्खी नदी आणि ती झेलणारा शंकर. ज्या गावात त्यांचा जन्म झाला त्या गावाची गोष्ट. पाण्याच्या दृष्टीने सांगायचं तर याहून अवघड काही नाही. खरी नदी आकाशातून पडत नाही, म्हणून खऱ्या चित्रणाचा कावा चालत नाही. आणि खोटी केली तर थेंबांचा आकार चुगली करणार. खर्च अडीच लाखांच्या घरात गेला. ऑगस्ट १९३७ मध्ये मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसला सिनेमा लागला. बोलपटाच्या जमान्यात फाळके पुन्हा उभे राहतील अशी आशा होती, तसं झालं नाही. त्यानंतर त्यांनी सिनेमा दिग्दर्शित केला नाही.

१९३९ मध्ये भारतीय सिनेमाची पंचविशी मुंबईत थाटात साजरी झाली. त्यात फाळकेंचा सत्कार झाला. ते नाशिकला परतले. १९ वर्षांत ९५ मोठे आणि २७ छोटे चित्रपट करणाऱ्या माणसाच्या हातात शेवटी म्हणावा तसा पैसा नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू व्हायला आणखी २५ वर्षं जायची होती.

सिनेमांचं काय झालं? जुनी फिल्म नायट्रेटची असायची, स्फोटकाची भावंडच ती. पेटायची, नाहीतर डब्यात पडून पावडर व्हायची. बहुतेक काम असंच गेलं. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून मिळाली ती रिळं जपली, म्हणून ‘कालियामर्दन’ वाचला.

तो इंटरनेटवर सहज सापडतो. मंदाकिनीचे भाव तर बघाच, पण ती यमुनेत उतरते तेव्हा व्हिडिओ थांबवा आणि तिच्याभोवतीच्या पाण्याकडे नीट बघा.